लॉजिक मॉडेल: चौकटी भरल्या, बाणांचं काय?

सातपुडाकाठ

मंडळी, सध्या प्रस्ताव लिहिण्याचे दिवस आहेत आणि जवळजवळ प्रत्येक निधीदाता अर्जासोबत लॉजिक मॉडेल मागतो आहे. त्यामागचं एक कारण सगळ्यांना माहीत असेल. सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाचे, नियम जानेवारी २०२१ मध्ये बदलले. मागच्या तीन वर्षांत ज्या कंपनीवर सरासरी १० कोटी रुपये किंवा जास्त सीएसआर खर्चाचं बंधन होतं, तिला १ कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. पुढे मूल्यमापन होणार म्हटल्यावर आधीच सगळं कागदावर हवं, असं कंपन्यांना वाटणं साहजिक आहे. म्हणून नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर काम करणाऱ्या आमच्यासारख्या छोट्या संस्थांपर्यंत हा तक्ता येऊन पोचला.

ज्यांचा कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डावीकडे आपण काय घालतो ते: माणसं, पैसा, साहित्य. मग आपण काय करतो: प्रशिक्षण, गृहभेटी, बैठका. त्यानंतर आउटपुट, म्हणजे किती भेटी झाल्या, किती आयांपर्यंत पोचलो. मग आउटकम, म्हणजे लोकांच्या माहितीत, वागण्यात, परिस्थितीत काय बदललं. अगदी उजवीकडे दूरचा परिणाम, उदाहरणार्थ कुपोषण कमी होणं. आणि या सगळ्या चौकटींच्या मधे बाण.

आपण सगळी मेहनत चौकटी भरण्यात घालतो आणि बाण नुसते ओढून मोकळे होतो, हे मला फार खटकतं. प्रत्येक बाण हा एक दावा आहे: हे केलं की ते होईल. का होईल, कोणाच्या घरात होईल, काय नसेल तर होणार नाही, हे कुठेच लिहिलेलं नसतं. आणि कार्यक्रम अडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

बांगलादेशचं उदाहरण बघा. तमिळनाडूत १९८० पासून जागतिक बँकेच्या मदतीने एकात्मिक पोषण प्रकल्प चालला. लहान मुलांचं दर महिन्याला वजन करायचं, ज्याची वाढ अडखळते त्याला काही काळ पूरक आहार द्यायचा आणि आईला समजावून सांगायचं. त्याचे चांगले परिणाम दिसले. तोच नमुना घेऊन १९९५ मध्ये बांगलादेशात प्रकल्प सुरू झाला. केंद्रं उघडली, कार्यकर्त्या नेमल्या, आयांना माहितीही मिळाली. पण मुलांच्या पोषणात अपेक्षेइतका फरक पडला नाही. बँकेच्याच मूल्यमापन विभागाने २००५ मध्ये साखळीची एकेक कडी तपासली. तिथल्या बऱ्याच ग्रामीण घरांत बाजारहाट पुरुष करतात आणि एकत्र कुटुंबात स्वयंपाकघराचा निर्णय सासूचा असतो. प्रकल्प मात्र फक्त आईशी बोलत होता. शिवाय केंद्रावर मिळणारा आहार काही घरांत मुलाच्या नेहमीच्या जेवणाच्या *ऐवजी* दिला जात होता, त्यात भर म्हणून नाही. चौकटी सगळ्या भरलेल्या होत्या. 'आईला कळलं' पासून 'मुलाला मिळालं' पर्यंतचा बाण कोणी तपासलेला नव्हता.

आमचा कच्चा मसुदा असा:

कार्यकर्ती दर महिन्याला ६ ते २३ महिन्यांच्या बाळाच्या घरी जाईल → आईला वरच्या आहाराबद्दल कळेल → आई बाळाला पुरेशा वेळा, वेगवेगळे पदार्थ भरवेल → बाळाचं वजन नीट वाढेल → सॅम-मॅम (तीव्र आणि मध्यम कुपोषित) मुलांचं प्रमाण कमी होईल.

यातला कच्चा बाण तुम्हाला कोणता दिसतो? मसुदा अजून पाठवलेला नाही, तेव्हा मोकळेपणाने सांगा.

---

जुना_विस्तार_अधिकारी

चांगला धागा. थोडा इतिहास जोडतो, कारण तुमच्या मुद्द्याचं मूळ त्यात आहे.

आमच्या वेळी लॉगफ्रेम असायचा. १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेसाठी तो तयार झाला. चार आडव्या ओळी आणि चार उभे रकाने. उभ्या रकान्यांत पहिला उद्दिष्टांचा, दुसरा निर्देशकांचा, तिसरा पुरावा कुठून मिळणार याचा आणि चौथा गृहीतकांचा. पुढे जर्मनीच्या जीटीझेड या मदतसंस्थेने १९८० च्या दशकात त्याला सहभागी पद्धतीची जोड दिली. सगळे संबंधित लोक एका खोलीत बसवायचे, भिंतीवर चिठ्ठ्या लावायच्या आणि समस्येचं झाड, म्हणजे मुळांत कारणं आणि फांद्यांत परिणाम, आधी काढायचं.

तो चौथा रकाना म्हणजेच तुमचे बाण. सर्वांत शेवटी असल्यामुळे तो नेहमी घाईत भरला जायचा. 'पाऊस समाधानकारक राहील', 'शासनाचं सहकार्य मिळेल' अशी दोन वाक्यं लिहिली की झालं. माझी सूचना अशी आहे की तो रकाना सर्वांत आधी भरा. आणि त्यात पाऊसपाणी लिहू नका, माणसं लिहा. कोण काय करेल असं आपण धरून चाललो आहोत, ते नाव-नात्यासह.

---

मुख्यसेविका

ताई, मी गेली अनेक वर्षं अंगणवाडीच्या कामात पर्यवेक्षिका आहे. जिल्हा वेगळा, पण भाग आदिवासीच. तुमच्या मसुद्यात मला आजी कुठे दिसली नाही. मोठी बहीण पण नाही.

आई सकाळी कामावर जाते ती उन्हं कलल्यावर येते. तोवर बाळ आजीकडे, नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. भरवायचं कोणी, तर त्या दोघींनी. तुम्ही आईला कितीही छान समजावलं तरी दुपारचा घास तिच्या हातात नाही. त्यामुळे तुमचा दुसरा बाण, 'कळेल' पासून 'भरवेल' पर्यंतचा, मला सर्वांत कच्चा वाटतो. आईला कळत नाही असं नसतंच हो. बहुतेकींना सगळं पाठ असतं. विचारलं तर फडाफडा सांगतात. वेळ नसतो, घरात त्या दिवशी डाळ नसते, किंवा बाळ ज्याच्याकडे असतं त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

घरपोच आहाराचं पाकीटही असंच. ते बाळाच्या नावाने जातं पण घरात चार मुलं असतील तर चौघं खातात. त्यात त्या माउलीला दोष देता येत नाही, एका लेकराला द्यायचं आणि तीन बघत बसवायची हे कोणत्या आईला जमेल? पण तुमच्या तक्त्यात 'पाकीट पोचलं' म्हणजे 'बाळाने खाल्लं' असं धरलं तर पुढचं सगळं गणित चुकतं.

आणि दिवाळीनंतर काय करणार? तुमच्याकडची कुटुंबं गुजरातमध्ये ऊसतोडीला जातात ना? बाळ सोबतच जातं. दर महिन्याची गृहभेट कोणत्या घरी देणार?

---

सातपुडाकाठ

मुख्यसेविकाताई, स्थलांतराचा प्रश्न अगदी वर्मावर आहे. वर्षाचे कित्येक महिने घराला कुलूप असतं आणि नेमक्या त्याच काळात बाळाचे सर्वांत जास्त हाल होतात. आजीचं तर मसुद्यात लगेच घेते.

---

शिवारफेरी

पाणलोटाच्या कामात हेच दुखणं आहे, म्हणून लिहितो. विषय वेगळा वाटेल पण बाण तोच.

सलग समतल चर, बांधबंदिस्ती, नाला खोलीकरण → पाणी मुरेल → विहिरींची पातळी वाढेल → उन्हाळ्यात टँकर लागणार नाही. पहिले दोन बाण भूगर्भाचे आहेत. खडक कसा, उतार किती, यावर ठरतात आणि जाणकार माणूस ते आधी सांगू शकतो. तिसरा बाण भूगर्भाचा नाहीच. तो शेतकऱ्याचा आहे. विहिरीला पाणी दिसलं की माणूस ऊस लावतो, बोअर आणखी खाली नेतो, आणि मुरलेलं पाणी उन्हाळ्याच्या आत उपसून जातं. काम उत्तम झालं, पाणी मुरलं, पातळी वाढली आणि तरीही एप्रिलमध्ये टँकर आला, असं होऊ शकतं.

हिवरे बाजारचं नाव सगळे घेतात, पण तिथे नेमकं काय केलं याकडे कमी लोक लक्ष देतात. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने नुसते चर खोदले नाहीत. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी होती. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही आणि ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिकं घ्यायची नाहीत, असे नियम ग्रामसभेत ठरले. पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीत काय पेरायचं ते ठरवतात. म्हणजे इतर गावं ज्या बाणाला देवाच्या भरवशावर सोडतात, तो बाण या गावाने स्वतःचं काम म्हणून चौकटीत घेतला.

उलट बाजूला जलयुक्त शिवार बघा. २०२० च्या कॅगच्या अहवालात ९,६३४ कोटी रुपये खर्चाची नोंद आहे आणि गावांची पाण्याची गरज भागवण्यात व भूजल पातळी वाढवण्यात परिणाम फारसा दिसला नाही असा निष्कर्ष आहे. योजनेत चांगली कामंही झाली, मी स्वतः पाहिली आहेत. पण अहवाल लिहिताना आपण किती मीटर खोलीकरण, किती घनमीटर गाळ एवढंच सांगत राहिलो. उपशाचं काय करायचं, हे कामाइतक्याच ताकदीने कोणी मांडलं नाही.

---

ग्रामसभेतून

मी थोडा वेगळा सूर लावतो. या तक्त्यांमुळे संघटनेच्या कामाचं नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) घ्या. तिथे अभ्यासगट कित्येक वर्षं चालले. लोक बसायचे, जंगलावर, कायद्यावर, दारूवर बोलायचे. निर्णय सर्वसहमतीने. वनहक्क कायदा आला २००६ मध्ये. गावाला सामूहिक वनहक्क मिळाले २००९ मध्ये, सुमारे १,८०० हेक्टरवर. स्वतःचा बांबू स्वतः विकायचा अधिकार प्रत्यक्षात आला २०११ मध्ये. अभ्यासगट सुरू झाले तेव्हा हा कायदा अस्तित्वातच नव्हता! तेव्हा कोणी लॉजिक मॉडेल मागितलं असतं तर काय लिहिलं असतं? 'बैठका → ज्ञान → बांबूची विक्री'? आणि तिसऱ्या वर्षी मूल्यमापनाला आलेल्याने 'आउटकम शून्य' असा शेरा मारून निधी बंद केला असता.

लोकांची ताकद वाढते ती सरळ रेषेत नाही. संधी येते तेव्हा ते तयार असतात की नसतात, एवढंच आपल्या हातात आहे.

---

आकडेमोड

ग्रामसभेतून, तुमचा मुद्दा मला पटतो. पण त्यातून मॉडेल टाकून द्यावं असं निघत नाही. मी मूल्यमापनाचं काम करते. पुण्यात असते, फिरते सगळीकडे.

मेंढा (लेखा) गावाच्या बाबतीतही बाण होते. फक्त ते 'बांबूची विक्री' इथे संपत नव्हते. 'लोक नियमित बसतील आणि कागद स्वतः वाचतील → बाहेरच्या माणसाच्या शब्दावर विसंबणार नाहीत → हक्काचा प्रश्न आला की ग्रामसभा स्वतः निर्णय घेईल.' हे तिसऱ्या वर्षीही बघता येतं. बैठकीत कोण बोलतं, बायका बोलतात का, निर्णय फिरवला जातो का, वनखात्याच्या पत्राला उत्तर कोण लिहितं. चूक तक्त्याची नसते. उजवीकडची चौकट फार लांब ठेवून मधलं काही न लिहिण्याची ती चूक असते.

मधलं लिहिणं का महत्त्वाचं, ते सांगते. समजा कार्यक्रम संपला आणि शेवटी काहीच फरक दिसला नाही. याची दोन कारणं असू शकतात. एक, काम ठरल्याप्रमाणे झालंच नाही. दोन, काम नीट झालं पण कल्पनाच चुकीची होती. कॅरोल वाइस या अमेरिकन मूल्यमापनतज्ज्ञ बाईंनी हा भेद १९७० च्या दशकातच मांडला होता. दोन्हींवरचा उपाय अगदी उलटा आहे. पहिल्यात काम सुधारून पुढे जायचं, दुसऱ्यात थांबून नवा विचार करायचा. फक्त सुरुवात आणि शेवट मोजला तर यातलं काय झालं ते कधीच कळत नाही.

ओडिशात पुरी जिल्ह्यातल्या १०० गावांत शौचालयांवर एक मोठा अभ्यास झाला, निष्कर्ष २०१४ मध्ये आले. निम्म्या गावांत संडास बांधायला मदत केली. संडास असलेल्या घरांचं प्रमाण सरासरी ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेलं. आउटपुटच्या चौकटीत हे यश आहे. पण लहान मुलांतला अतिसार कमी झाला नाही, जंत कमी झाले नाहीत, वाढीतही फरक नाही. बरेच संडास वापरण्याजोगे नव्हते, जे होते त्यांचा वापर घरातले सगळे करत नव्हते. 'बांधला' पासून 'सगळे वापरतात' पर्यंतचा बाण अर्धवट राहिला, आणि गावातले बरेच लोक उघड्यावर जातच राहिले तर उरलेल्यांनाही संरक्षण मिळत नाही.

शिक्षणातलं जौनपूरचं उदाहरणही असंच. उत्तर प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने गावोगावी बैठका घेऊन लोकांना सांगितलं की तुमच्या मुलांना वाचता येत नाही आणि शाळेवर देखरेख करायला तुमची समिती आहे. अपेक्षा अशी की माहिती मिळाली की पालक जागे होतील. नाही झाले. समित्या होत्या तशाच राहिल्या. पण त्याच अभ्यासात काही गावांत तरुण स्वयंसेवकांना शिकवण्याची सोपी पद्धत देऊन वाचनवर्ग सुरू केले, तिथे जी मुलं आली ती वाचायला शिकली. तीच माणसं, तोच जिल्हा. एक बाण तुटला, दुसरा टिकला, आणि दोन्ही वेगवेगळे तपासले म्हणून ते कळलं. अर्थात तिथेही वर्गाला आलेली मुलं थोडीच होती, म्हणजे 'वर्ग सुरू' ते 'मुलं आली' हाही एक बाण आहेच.

आणि सगळ्या कड्या जुळल्या की काय होतं ते आपल्याच राज्यात दिसलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. मला त्यातला आवडणारा आकडा वेगळा आहे. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण आधी १६.६ टक्के होतं, गावातल्या आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर ते २.८ टक्के झालं. म्हणजे नुसतं 'मृत्यू घटले' असं नाही, *ज्या वाटेने* घटतील असं म्हटलं होतं त्याच वाटेने घटले, याचा पुरावा मधल्या कडीत आहे.

---

मॅडिसनकर

इथे अमेरिकेत आमच्या फूड बँकेलाही दरवर्षी हा तक्ता भरावा लागतो. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या विस्तार विभागाचा नमुना इथे बरेच जण वापरतात. त्यात गृहीतकं आणि बाहेरची परिस्थिती यांच्यासाठी खाली वेगळी जागा आहे. केलॉग फाउंडेशनची मार्गदर्शिकाही विनामूल्य मिळते, वाचण्यासारखी आहे. एकच सांगते: अर्ज तपासणाऱ्यांत मी बसले आहे, आणि ज्या संस्थेने 'आमचा हा बाण कच्चा आहे आणि आम्ही तो असा तपासू' असं स्वच्छ लिहिलं होतं तिच्यावर समितीचा विश्वास वाढला. घाबरू नका.

---

पहिलं_पाऊल

खूप शिकायला मिळतंय. आमची संस्था अगदी लहान. एवढे बाण तपासायचे तर काम कधी करायचं? आणि तुलनेची गावं वगैरे आम्हाला कुठून परवडणार?

---

आकडेमोड

सगळे तपासूच नका. ज्या बाणाबद्दल इतरांनी आधीच पक्का पुरावा दिला आहे, तो सोडा. ओआरएसने अतिसारातल्या बाळाचं पाणी भरून निघतं, हे तुम्ही पुन्हा सिद्ध करायची गरज नाही. जो बाण तुमच्या गावच्या माणसांवर अवलंबून आहे आणि ज्याबद्दल तुमच्या कार्यकर्त्यांचं आपसात एकमत होत नाही, तो निवडा. मतभेद आहे म्हणजे तिथे कोणालाच नक्की माहीत नाही. तेवढाच पहिल्या तीन महिन्यांत तपासा.

तुलनेच्या गावांशिवाय 'आमच्यामुळे कुपोषण इतके टक्के घटलं' असा दावा मात्र करू नका. त्याच काळात रेशन सुधारलं असेल, पाऊस बरा झाला असेल. 'साखळीतल्या या-या कड्या आम्ही बघितल्या, त्या जुळल्या, म्हणून बदलात आमचा वाटा आहे असं मानायला जागा आहे' एवढं प्रामाणिकपणे म्हणता येतं. जॉन मेन या मूल्यमापनतज्ज्ञांनी या विचाराची शिस्तशीर पद्धतच बसवली आहे आणि ती लहान संस्थांना झेपते.

---

ग्रामसभेतून

आकडेमोड, 'पत्राला उत्तर कोण लिहितं' हे निरीक्षण मी उचलतो आहे. निधीदात्याला नको असेल तरी आम्हाला हवं आहे. माझा आक्षेप मात्र एका बाबतीत कायम आहे: मॉडेल एकदा मंजूर झालं की ते करारासारखं वागवतात. गावात काही नवं घडलं तरी बदलता येत नाही. दरवर्षी बदलायची मुभा करारातच लिहून घ्या, हे सगळ्यांना सांगणं आहे.

---

सातपुडाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्यकर्त्यांसोबत बसून मसुदा पुन्हा लिहिला. एकमत न होणारा बाण लगेच सापडला, तोच जो मुख्यसेविकाताईंनी दाखवला होता. आता असं आहे:

गृहभेट ज्याच्याकडे दिवसा बाळ असतं *त्याच्याकडे*, मग ती आजी असो, बहीण असो की आई. भेटीची वेळ संध्याकाळची. → भरवणाऱ्या माणसाला काय, किती वेळा हे कळेल *आणि* घरात त्या आठवड्याला द्यायला काहीतरी असेल. यातला दुसरा भाग समजावून होणार नाही, म्हणून परसबाग आणि कोंबड्या हे वेगळं काम म्हणून धरलं. → बाळाच्या ताटात ते खरंच पडेल. → वजन.

स्थलांतरासाठी: जाण्याआधी पाड्यावर सगळ्या बाळांचा दंडघेर मोजायचा, ११.५ सेंटीमीटरच्या खाली (ही तीव्र कुपोषणाची खूण) असेल त्याची तपासणी आणि उपचार निघण्याआधी सुरू करायचे, आणि परत आल्यावर पहिल्या आठवड्यात पुन्हा मोजायचं. तोडीच्या ठिकाणी आम्ही पोचू शकत नाही, तेव्हा त्या महिन्यांच्या चौकटी रिकाम्या ठेवल्या आहेत आणि तसं प्रस्तावात स्पष्ट लिहिलं आहे.

पहिल्या तिमाहीत एकच बाण तपासणार: कळलं ते ताटात पडतं का. प्रश्न असा ठेवला आहे: 'तुम्ही बाळाला रोज काय-काय देता?'

---

मुख्यसेविका

ताई, बाकी उत्तम. तेवढा प्रश्न बदला. 'रोज काय देता' म्हटलं की बायका पाठ झालेलं उत्तर देतात. 'काल सकाळपासून आज सकाळपर्यंत बाळाने काय खाल्लं?' असं विचारा. मग एकेक पदार्थ: भाकरी, डाळ, भाजी, अंडं, फळ. दूध अंगावरचं की वरचं तेही. आणि प्रत्येकाच्या पुढे 'कोणी भरवलं?' हे हवंच, नाहीतर तुमची आजी पुन्हा तक्त्याबाहेर जाईल. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी विचारू नका, त्या दिवशी प्रत्येक घरात काहीतरी असतंच.

---

सातपुडाकाठ

बदलला. बाजाराचा वार प्रत्येक पाड्यासाठी वेगळा नोंदवून घेते. आता प्रश्न इथल्या पावरी बोलीत करून दोन-तीन घरांत विचारून बघू, कोणाला कुठे अडखळायला होतं ते कळलं की प्रस्ताव पाठवते.